तोल सावरण्याची तालीम : प्रस्तावना

संध्याकाळचा सराव आटोपला की मी आमच्या खो-खोच्या मुलींना बूट-मोजे काढायला लावतो. मैदानाच्या पश्चिमेला कंपाउंडची भिंत आहे. तिच्यापासून हातभर अंतर ठेवून सगळ्या ओळीनं उभ्या राहतात, उजवा पाय गुडघ्यात दुमडून तळवा डाव्या मांडीला आतून लावतात आणि हात छातीशी जोडतात. वृक्षासन. शाळेत योगदिनाला सगळ्यांनी केलेलं आणि सोपं म्हणून सोडून दिलेलं. मग मी म्हणतो, आता डोळे मिटा. पाच-सात सेकंदांत निम्मी ओळ भिंतीला हात लावून उभी असते. तासाभरापूर्वी एकेरी साखळीत पळताना जिला बाद करायला समोरच्या संघाला घाम फुटला होता, ती मुलगीही त्यात असते.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला कोडं पडलं. जिचा तोल वाऱ्यावर जात नाही अशी आमची खात्री, ती जागच्या जागी उभी का राहू शकत नाही? एक दिवस मी तिच्या पायाशी उकिडवा बसलो आणि नुसतं बघत राहिलो. डोळे उघडे होते तोवर ती कमरेच्या वर अगदी निश्चल दिसत होती. खाली मात्र तिच्या तळपायाला क्षणभर विसावा नव्हता. अंगठा जमीन दाबायचा आणि सोडायचा. घोट्याच्या पुढची शीर दोरीसारखी ताणून वर यायची आणि पुन्हा मिटायची. वजन टाचेच्या बाहेरच्या कडेला कललं की पोटरीच्या बाहेरच्या अंगाला थरथर उठायची आणि वजन हळूच आत यायचं. पावलाखालच्या मातीत बोटांचे ठसे एकावर एक उमटत होते, जणू ती तिथल्या तिथे चालत होती. तिनं डोळे मिटले आणि हीच सगळी हालचाल दुप्पट मोठी झाली, मग तिप्पट, आणि पाय खाली आला.

त्या दिवसापासून तोल या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. मराठीत आपण तोल सावरतो. उभा माणूस क्षणाक्षणाला थोडासा पडत असतो आणि क्षणाक्षणाला स्वतःला सावरून घेत असतो. मैदानावर हे सावरणं इतक्या वेगात उरकतं की खेळाडूला त्याचा पत्ताही लागत नाही. आसनात ते सावकाश घडतं, म्हणून कळतं; आणि एकदा कळलं की सुधारता येतं. मला या पुस्तकात सांगायचं आहे ते मुळात एवढंच. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे त्याचाच तपशील आहे.

हे मला कळलं ते फार उशिरा, स्वतःचा घोटा घालवल्यावर. बावीस वर्षांचा होतो. जिल्ह्याचा सामना होता, खांबाला वळसा घालून निघताना डावा पाय आत मुरगळला. हळद-तुरटीचा लेप, वर क्रेप बँडेज, पंधरा दिवस घरी. सूज उतरली, दुखणं थांबलं, आणि ‘बरा झालास, आता पळ’ असं सांगून मला मैदानावर सोडण्यात आलं. दोन महिन्यांत तोच घोटा पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी तर मी सपाट रस्त्यावरून चालत होतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध सैलावले होते हे खरं, पण बिघडलं होतं ते तेवढंच नव्हतं. या बंधांमध्ये, स्नायूंमध्ये आणि त्यांच्या कंडरांमध्ये सूक्ष्म संवेदक असतात. सांधा या क्षणी किती वळला आहे, स्नायू किती ताणला आहे, ही खबर ते मेंदूला अखंड पुरवत असतात. दुखापतीत ही खबरही तुटते. सूज उतरली म्हणून ती आपोआप जुळून येत नाही; तिच्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. ती मेहनत मला कोणी सांगितली नाही. त्या काळी बहुतेक मैदानांवर ती कोणाला ठाऊकही नव्हती. आज ठाऊक असूनही अनेक मुलामुलींच्या वाट्याला येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हे पुस्तक लिहायला बसलो ते त्या वाईट वाटण्यातूनच.

या खबरबातीला शास्त्रात नाव आहे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ साली तिला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. मी या पुस्तकात अंगभान हा शब्द वापरला आहे. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला ज्यामुळे कळतं, ते अंगभान. तोल सावरायला शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेतं. डोळे एक. दुसरा आतला कान. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कोणत्या दिशेला वळलं ते सांगतात आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांमधले चुन्याचे बारीक कण डोकं किती कललं, वेग किती वाढला ते सांगतात. तिसरं अंगभान, आणि त्याच्या जोडीला तळव्याच्या त्वचेला जाणवणारा दाब. अनुमस्तिष्क या तिन्हींचा मेळ घालतं आणि स्नायूंना हुकूम सुटतात. आपण डोळ्यांवर इतके विसंबून असतो की बाकीचे दोन साक्षीदार कच्चे राहिलेले लक्षातच येत नाहीत. माझ्या मुलींचं तेच झालं होतं. खांब, गडी, रेषा, सगळं डोळ्यांनी टिपत पळायची सवय. डोळे मिटताच पायाजवळ सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती अनेक प्रशिक्षकांना चकवते. घोटा मुरगळायला फार कमी वेळ लागतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच सगळा खेळ होऊन जातो. सांधा वळतोय ही खबर वर जाऊन, हुकूम खाली येऊन, स्नायूची ताकद लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे नुसती प्रतिक्षिप्त क्रिया चपळ करून भागत नाही. पाऊल जमिनीला टेकण्याआधीच ते योग्य कोनात आलेलं असलं पाहिजे, पोटरीच्या बाहेरचे स्नायू आधीच जागे असले पाहिजेत. उडी मारताना, वळताना, हवेत असतानाच पायाला स्वतःची जाणीव हवी. वीरभद्रासनाच्या तिसऱ्या प्रकारात शरीर एका पायावर आडवं तोलून धरायचं, मग तो उचललेला पाय आवाज न करता, जिथे ठरवलाय तिथेच खाली ठेवायचा. आसनातून बाहेर येण्याचे हे दोन-तीन सेकंद माझ्या मते त्या सगळ्या आसनात सर्वांत मोलाचे आहेत. योगवर्गात बहुतेक जण ते घाईनं उरकतात. खेळाडूनं तिथेच रेंगाळावं.

योग आणि मैदान हे दोन वेगळे संसार आहेत, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. एकीकडे चटईवरची शांतता, दुसरीकडे धूळ आणि आरडाओरडा. महाराष्ट्राचा तरी इतिहास असा नाही. १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खो-खोच्या नियमांची पहिली बांधणी झाली. त्याच डेक्कन जिमखान्यानं १९३७ मध्ये दक्षिणेतून एका अठरा वर्षांच्या तरुणाला सहा महिने योग शिकवण्यासाठी बोलावलं. तो तरुण म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार पुण्याचेच झाले आणि १९७५ मध्ये त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था तिथेच उभी राहिली. त्यांना पुण्यात आणणारी संस्था खेळाची होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. उभ्या आसनांत तळपायाकडे बारकाईनं बघायला अय्यंगारांच्या परंपरेनं शिकवलं: अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा, टाचेची आतली कड, बाहेरची कड, वजन नेमकं कुठे आहे? पळणाऱ्या माणसासाठी यापेक्षा उपयोगाचा प्रश्न मला माहीत नाही.

लोणावळ्याची कथाही अशीच. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांची घडण झाली. योगाकडे ते वळले ते त्यानंतर, माधवदासजी महाराजांकडे. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकानं मोजायला घेतलं. व्यायामशाळेत घडलेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला आश्चर्य वाटत नाही. मल्लखांबाबद्दल तर काय सांगावं! दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा जागवलेला हा प्रकार मल्लांची तालीम म्हणूनच उभा राहिला. आणि त्याच खांबाच्या बोंडावर, जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर, मुलं आसनं लावतात. एरंडेल चोपडलेल्या लाकडावर तोल सांभाळणाऱ्या त्या मुलांना योग कुठे संपतो आणि खेळ कुठे सुरू होतो हे विचारून बघा.

एक खुलासा आत्ताच करतो. एका पायावर तोलायची आजची बरीचशी आसनं फार प्राचीन ग्रंथांत सापडत नाहीत. हठप्रदीपिकेतली आसनं बहुतेक बसून करायची आहेत. वृक्षासन घेरंडसंहितेत आहे. उभ्या आसनांचा आज दिसणारा मोठा पसारा विसाव्या शतकात वाढला. त्यानं त्यांचं मोल कमी होत नाही. पण खेळाडूला आसन सुचवताना परंपरेचा दाखला देऊन गप्प बसवू नये. या आसनानं तुझ्या खेळात काय सुधारेल, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आणि ते सांगताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. २०१६ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ योगा’मध्ये एक लहानसा अभ्यास आला. अमेरिकेतल्या २६ महाविद्यालयीन खेळाडूंपैकी फुटबॉल खेळणाऱ्या १४ जणांनी १० आठवडे, आठवड्यातून दोनदा योगाभ्यास केला. बेसबॉलच्या १२ जणांनी केला नाही. योग करणाऱ्यांची लवचीकता आणि एका पायावरचा तोल सुधारला. असे निकाल वाचून मला आनंद होतो, पण मी सावधही होतो. संख्या लहान, दोन गट दोन वेगळ्या खेळांचे, आणि मोजलं काय तर एका पायावर उभं राहणं. वृक्षासनाचा सराव केला की वृक्षासनासारख्या चाचणीत गुण वाढणारच. त्यामुळे सामन्यात किती फरक पडला, हा प्रश्न उरतोच. तोलाचं कौशल्य ज्या कामात घोटवावं त्या कामात सर्वांत जास्त वाढतं, हे आता बऱ्यापैकी मान्य झालेलं आहे. म्हणून मी योगाला पूरक तालीम म्हणतो आणि पूरक हा शब्द जपून वापरतो. आसनं करून खो-खो येत नाही. खांबाजवळचं वळण खांबाजवळच शिकावं लागतं. आसन त्या वळणासाठी पायाला जागं करून ठेवतं, दोन पायांतला फरक उघडा पाडतं आणि दुखावलेल्या सांध्याला पुन्हा बोलतं करतं.

हा दोन पायांतला फरक प्रत्येक खेळात वेगळा दिसतो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका कबड्डीपटूचा डावा पाय डोळे मिटून २० सेकंद टिकायचा आणि उजवा सहा. तो चढाईत नेहमी उजवा पाय फेकायचा, म्हणजे सगळा भार कायम डाव्यावर तोललेला. उजव्याला टेकू द्यायची वेळच आली नव्हती. अडथळ्यांच्या शर्यतीत ही गोष्ट फार महागात पडते. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला, ती शर्यत पुन्हा बघताना घड्याळाऐवजी पावलांकडे बघा. पस्तीस वेळा शरीर एका पायावर उतरतं, शेवटच्या फेऱ्यांत थकलेल्या पायावर, आणि पुढचं पाऊल अडखळता पडून चालत नाही.

नेमबाजी त्याच्या उलट टोकाला. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, अशा तीन स्थितींत नेम धरायचा; ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. उभ्या स्थितीत शरीराचा सूक्ष्म झोका कोणालाच पूर्ण थांबवता येत नाही. नेमबाज त्या झोक्याची लय ओळखतो आणि श्वासाच्या शांत टप्प्यात चाप ओढतो. ताडासनात डोळे मिटून दोन मिनिटं उभं राहिल्यावर आपलाही झोका जाणवू लागतो. मी प्रत्येक खेळाच्या मुलांना आधी तेच करायला लावतो. पहिल्या आठवड्यात त्यांना कंटाळा येतो. तिसऱ्या आठवड्यात एखादा येऊन सांगतो, सर, मी सारखा पुढे झुकतो. हे त्याला स्वतःला उमगलं, याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

समन्वयाबद्दल थोडं. हातापायांचा मेळ म्हणजे कोणता स्नायू कधी लागावा आणि, त्याहून महत्त्वाचं, कधी सुटावा. नवशिका खेळाडू सगळंच आवळून धरतो, श्वाससुद्धा. सूर्यनमस्काराचं इथे मोठं काम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते घराघरांत आणि शाळांत पोचवले, त्यामुळे मराठी मुलाला ते नवे नाहीत. पण संख्येच्या मागे लागून त्यांची रया जाते. बारा सूर्यनमस्कार अत्यंत संथ घाला, प्रत्येक स्थितीतून पुढच्या स्थितीत जाताना श्वास कुठे अडतो ते बघा. जिथे अडतो तिथे मेळ बिघडलेला आहे. गरुडासनात हातपाय एकमेकांत गुंफून बसका भार घ्यायचा, मग सगळं सोडून अर्धचंद्रासनात उघडायचं, यातही तेच. मात्र संथ हालचालीचा मेळ वेगवान हालचालीत आयता उतरत नाही. त्यासाठी आसनांनंतर लगेच पाच मिनिटं खेळातलीच एखादी हालचाल, आधी निम्म्या वेगानं, मग पूर्ण वेगानं करायची. चौथं प्रकरण सबंध यावर आहे.

काही गोष्टी ठामपणे सांगतो, कारण त्या चुकलेल्या मी पाहिल्या आहेत. सामन्याच्या किंवा वेगाच्या सरावाच्या अगदी आधी मिनिट-मिनिटभर ताण धरून ठेवू नये. स्नायूचा झटका काही काळ मंदावतो. दीर्घ आसनं सरावानंतर किंवा सुटीच्या दिवशी करावीत. ज्या मुलींचे कोपर-गुडघे उलटे वाकतात त्यांना अधिक लवचीक करण्याच्या फंदात पडू नये; त्यांना गरज असते ती सांधा मध्यावर धरून ठेवण्याच्या ताकदीची. पैलवानानं आधीच मानेवर इतका भार घेतलेला असतो की शीर्षासनाची घाई त्याच्यासाठी नको. पद्मासन जमत नसेल तर गुडघा दाबून बसवू नये, मांडी खुब्यातून वळत नसली की तो पिळा गुडघ्यावर येतो. डोळे मिटायचा सराव भिंतीशेजारी, आणि ताज्या दुखापतीत डॉक्टरांनी पाय टेकायची परवानगी दिल्यावरच. आठवड्यातून दोन-तीनदा, २० ते ३० मिनिटं, अनवाणी. जाड मऊ गादी नको. तळव्याला जमीन कळली पाहिजे.

ज्या मुलीच्या पायाशी मी बसलो होतो, तिला डोळे मिटून ४० सेकंदांवर यायला पाच महिने लागले. या काळात तिचा वेग वाढला का? स्टॉपवॉचवर फारसा नाही. पण खांबाजवळून सटकताना ती पूर्वी एक जादा पाऊल घ्यायची, तोल सावरायला, ते पाऊल गेलं. मैदानाबाहेरून ते कोणाला दिसलंही नसेल. तिला दिसलं. ती स्वतःहून मला सांगायला आली.

वाचकानं पुढे जाण्याआधी एक काम करावं अशी विनंती आहे. बूट काढून भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, घड्याळ लावायला कोणाला तरी सोबत घ्या, आणि डोळे मिटून डाव्या पायावर किती सेकंद टिकता ते मोजा. मग उजव्या पायावर. तीन वेळा करा, सर्वांत चांगला आकडा धरा. पुस्तकाच्या शेवटी कोरा तक्ता दिला आहे. दोन्ही आकडे त्यात पेन्सिलीनं लिहा, तारीख टाका, आणि मग पहिलं प्रकरण उघडा.